पालथ्या वाटीखालचं घड्याळ

घड्याळ हातात आलं की काका सगळ्यात आधी ते पालथं ठेवत. समोरचा माणूस तबकडी दाखवायला उतावीळ झालेला असे. कुणी ते दुबईहून आणलेलं असे, कुणाला सासऱ्याने दिलेलं असे. काट्यांची चमक, काचेची जाडी, बारीक अक्षरातलं परदेशी नाव, सगळं त्याला सांगायचं असे. काका ऐकून घेत आणि घड्याळाचं तोंड मखमलीच्या तुकड्याला टेकवून देत. मग म्हणत, "तोंड तुमी पाहा. मले पाठ पाहू द्या."

गोंदियाच्या बाजारात एका कापडदुकानाला लागून त्यांची जागा होती. एक टेबल, एक दिवा, दोन स्टुलं. बाहेर पाटी नव्हती. सगळे त्यांना घडीवाले काका म्हणत. मी विमा कंपनीच्या शाखेत दावे पाहणारा कारकून. महागड्या घड्याळाचा विमा उतरवायचा तर त्याची ओळख कुणीतरी लिहून द्यावी लागते. ते चोरीला जाऊन पुन्हा सापडलं, तर हेच ते, असंही कुणीतरी म्हणावं लागतं. आमच्या शाखेसाठी ही दोन्ही कामं काका करत. चोवीस वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिलो. मागच्या हिवाळ्यात ते गेले. मोक्षधामावर चार-पाच जण त्यांच्याबद्दल बरं बोलले. मी बोललो नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं जे होतं, ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

त्यांच्या टेबलावर स्टीलची एक वाटी असे, घरातली, वरण घ्यायची. घड्याळ उघडलेलं असताना चहा आला, शिंक आली, कुणी हाक मारली, की ती वाटी घड्याळावर पालथी पडे. धुळीचा एक कण आत गेला तर घड्याळाचा जीव जातो, असं ते म्हणत. वाटी एकच होती, कारण टेबलावर एका वेळी एकच घड्याळ, असा त्यांचा नियम होता. दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याने आपलं घड्याळ खिशात ठेवून कापडदुकानाच्या पायरीवर बसायचं. तिरोड्याच्या वीजकेंद्रातले एक मोठे साहेब एकदा तिथे पाऊण तास बसले होते. शेवटी चिडून आत आले.

"दोन घड्याळं टेबलावर ठेवली तर बिघडतं काय?"

"दोन लेकरं एका पाळण्यात टाकता का साहेब?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"जुळी असली तर टाकतात."

"मंग जुळ्याच्या मायले जाऊन विचारा, तिले झोप येते का."

साहेब परत पायरीवर जाऊन बसले.

काकांच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. वेळ हवी असली की ते दारातून जाणाऱ्या कुणालाही विचारत, आणि त्याने सांगितलेली वेळ खरी धरत. मला याचं हसू येई. ते म्हणत, "दिवसभर दुसऱ्याच्या लेकराचं पोट तपासणारा डॉक्टर घरी जाऊन आपलं पोट थोडीच तपासते."

तपासलेल्या प्रत्येक घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आत ते सुईने एक खूण करत. तीन बारीक रेघा, धानाच्या लोंबीसारख्या, आणि खाली तारीख. भिंगातूनच दिसे. झाकणावर कारखान्याचा नंबर असतोच, पण नंबर घासता येतो, नवा कोरता येतो. "लोंबी कोणी काढणार नाही," ते म्हणत. "चोराले मालूमच नसते का आत लोंबी आहे म्हनून." मग ते रजिस्टर उघडत. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं. त्यात झाकणाचा नंबर, आतल्या मशीनचा नंबर, मालकाचं नाव आणि शेवटी शेरा. आमच्या कंपनीच्या फॉर्मवर फक्त झाकणाच्या नंबराला जागा होती. मशीनचा नंबर ते आपल्या समाधानासाठी लिहीत.

त्या रजिस्टरात खोटं लिहायला त्यांना कुणी लावू शकलं नाही. मी एकदा लावून पाहिलं. माझ्या हातून एका फॉर्मवर तारीख एक दिवस अलीकडची पडली होती, आणि रजिस्टरात तसंच लिहा, एवढंच माझं मागणं होतं. कुणाचं काही जाणार नव्हतं. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि त्यावर कोपर ठेवलं.

"बाबू, तुमी वाचनालयात बसून पुस्तक वाचता अन् तुमचा मॅनेजर फोन करून मले विचारते, तवा मी काय सांगतो?"

"मी तुमच्याकडे कामाला आलोय म्हणून सांगता."

"सांगतो ना? तोंडानं पाहिजे तेवढं खोटं बोलतो तुमच्यासाठी. रजिस्टरात नाही."

फॉर्म मी पुन्हा भरला.

घड्याळ चोरीला गेल्याचा दावा घेऊन कुणी आला, की काका त्याला आधी हात पुढे करायला सांगत. आमच्याकडच्या उन्हात वर्षभर घड्याळ घातलेलं मनगट तेवढ्यापुरतं गोरं राहतं. "ज्याची घडी गेली, त्याच्या हाताले ते आठ-पंधरा दिवस याद राहते," ते म्हणत. एका ठेकेदाराचं मनगट सगळीकडे सारखंच काळं निघालं. काकांनी त्याला विचारलं, झोपताना घड्याळ काढून ठेवत होता तर तोंड वर की खाली? ठेकेदार म्हणाला, वर. मग म्हणाला, खाली. मग म्हणाला, लक्षात नाही. काका त्याला म्हणाले, "बायकोचा भाऊ कोन्या कुशीवर झोपते हे नाही मालूम तर चालते. आपल्या घडीचं मालूम पाहिजे." त्याने दावा मागे घेतला.

आणि एक डॉक्टरीणबाई होत्या. नवरा गेलेला, आणि त्याचं घड्याळ घरफोडीत गेलेलं. वर्षभराने राजनांदगावच्या पोलिसांनी एका दुकानातून पाच घड्याळं पकडली. आम्ही तिघं गेलो. बाईंनी पाचही पाहिली आणि मान हलवली. त्यांच्या घड्याळाची तबकडी पांढरी होती, पट्टा धातूचा होता, तसं यात काहीच नव्हतं. काकांनी चार घड्याळं हवालदाराच्या रुमालात बांधून त्याच्या मांडीवर ठेवायला लावली आणि एकेक मागून घेऊन उघडलं. चौथ्यात लोंबी होती. तबकडी रंगवलेली, पट्टा चामड्याचा केलेला, झाकणावरचा नंबर घासलेला, पण आत तीन रेघा आणि तारीख जशीच्या तशी. बाईंनी ते घड्याळ कानाला लावलं आणि तशाच बसून राहिल्या. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. परतताना गाडीत म्हणाले, "बाबू, आज जेवन गोड लागन." त्या दिवसानंतर मीही त्या तीन रेघांवर डोळे मिटून विश्वास ठेवू लागलो. माणसाने असा विश्वास कशावर ठेवावा की नाही, हे मला आता कळत नाही.

पुढची गोष्ट दोन व्याह्यांची आहे.

एक गोंदियाचे, तांदळाच्या मिलचे मालक. दुसरे आमगावचे, धानाचे व्यापारी. एकाच्या मुलाला दुसऱ्याची मुलगी दिलेली. त्यांच्यात लग्नात समधी-भेट होते. दोन्ही वडील मांडवात एकमेकांना मिठी मारतात आणि भेटवस्तू देतात. या दोघांनी न ठरवता एकमेकांना एकच वस्तू दिली. एकाच कंपनीचं, एकाच बनावटीचं स्विस घड्याळ. मांडवात केवढा हशा झाला म्हणतात. दोघांनी दोन्ही घड्याळांचा विमा बरोबरच उतरवायचं ठरवलं, आणि मी त्यांना काकांकडे घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं तीर्थाला निघणार होती. विमा आजच सुरू झाला पाहिजे, असं आमच्या मॅनेजरने दोनदा फोन करून सांगितलं होतं. दोन्ही शेठ बाहेर गाडीत बसले होते आणि दोन्ही घड्याळं माझ्या हातात होती. काकांनी पहिलं उघडलं. नेहमीच्याच संथपणे. मी घाईत होतो, आणि मला खरंच वाटलं की सारख्याच दोन घड्याळांत वेगळं काय पाहायचं आहे. मी म्हणालो, "काका, दोन्ही एकदमच उघडा ना. एकदा उघडा, मी नंबर लिहून घेतो, लगेच बंद करा. आजच्या दिवस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. मी दुसरं घड्याळ त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

दोन्ही उघडी झाली. त्यांनी नंबर वाचले, मी फॉर्मवर उतरवले, त्यांनी रजिस्टरात लिहिले. दोन्ही झाकणं दिव्याखाली शेजारी शेजारी धरून त्यांनी लोंब्या काढल्या. तेवढ्यात आमगावच्या शेठचा ड्रायव्हर दारात आला. पंचविशीचा, केशोरीकडचा.

"काका, शेठजी विचारून राहिले, किती वेळ आहे?"

"तुयाच शेठची घडी आहे. पोट उघडलं आहे तिचं. शिवू का नोको?"

पोरगा आत वाकला आणि उघड्या मशीनकडे पाहत राहिला. "अबब! येवढंसं? जीव असल्यासारखं धडधडून राहिलं ना!"

काकांना कुणी असं बोललेलं फार आवडे. शेठ लोक कधी आत डोकावत नसत. त्यांनी आपल्या डोळ्यावरचं भिंग काढून त्याच्या डोळ्याला लावलं, चाकं दाखवली, माणकाचे तांबडे ठिपके दाखवले. तो हसत होता, काका हसत होते, आणि मी दारात उभा राहून गाडीकडे पाहत होतो. मग त्यांनी झाकणं बसवली. मी घड्याळं घेतली. पॉलिसी त्याच दिवशी निघाली.

दोन वर्षांनी आमगावचे शेठ वारले. आठ महिने आजारी होते, आणि आठ महिने तो ड्रायव्हर त्यांना नागपूरच्या दवाखान्यात नेत-आणत होता. उचलून जिना चढवायचा, जेवण भरवायचा. शेवटच्या दिवसांत शेठने आपलं घड्याळ काढून त्याच्या मनगटावर बांधलं. हे शेठच्या बायकोने पाहिलेलं होतं आणि तिने ते पुढे पोलिसांनाही सांगितलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर तिला घेऊन गोंदियाला व्याह्यांकडे आला. दिवसभर अंगणात बसून होता. त्याच संध्याकाळी गोंदियाच्या शेठच्या लक्षात आलं, आपलं घड्याळ नाही. दोन दिवसांनी पोलिसांनी ड्रायव्हरच्या हातातलं घड्याळ उतरवलं. तो म्हणाला, हे मला माझ्या शेठने दिलेलं. दोन घड्याळं सारखी, एक गेलेलं, एक याच्या हातात. कोणतं कोणाचं, हे सांगणारा जिल्ह्यात एकच माणूस होता.

पोलीस त्याला घेऊनच काकांकडे आले. मीही होतो, कंपनीतर्फे. काकांनी घड्याळ पालथं ठेवलं, झाकण काढलं, भिंग लावलं. लोंबी होती. लोंबीच्या वर जो नंबर होता तो माझ्या फॉर्मवर गोंदियाच्या शेठच्या नावापुढे होता. रजिस्टर त्यांच्यासमोर उघडं होतं. शेजारच्याच रकान्यात मशीनचा नंबर होता. तो ताडून पाहायला मान थोडी खाली घालावी लागली असती, एवढंच. पण त्यांना स्वतःचं अक्षर दिसलं होतं.

"हे माझं अक्षर आहे," ते हवालदाराला म्हणाले. "ही गोंदियाच्या शेठची घडी."

"काका, नीट पाहा ना," ड्रायव्हर म्हणाला. "शेठजीनं आपल्या हातानं देली मले. मी कायले चोरू? तुमी तं मले आतमधलं दाखवलं होतं."

काकांनी झाकण पुन्हा भिंगाखाली धरलं. त्यांना तो आवडला होता, हे मला माहीत होतं. मग म्हणाले, "मानूस तोंडानं बोलते बापा. घडी पाठीनं बोलते."

त्या क्षणी पोराने भांडायचं सोडलं. त्याने फक्त त्या झाकणाकडे पाहिलं. मग काकांनी त्याला भिंग दिलं आणि त्याने स्वतः त्या तीन रेघा आणि वरचा नंबर पाहिला.

दिलेलं घड्याळ विकलं आणि चोरलेलं हातात घातलं, असा गुन्हा लिहिला गेला. घड्याळ गोंदियाच्या शेठला परत मिळालं. आमच्या कंपनीला दावा द्यावा लागला नाही आणि मॅनेजरने काकांना शाल दिली. मी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर दीड महिना जेलात होता, मग जामिनावर सुटला. केस चालू राहिली. त्याच्या हाती पुन्हा कुणी गाडीची चावी दिली नाही.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी गोंदियाचे शेठ स्वतः काकांच्या दुकानात आले. योगायोगाने मी तिथे होतो. मिलच्या गोदामात बोऱ्यांची एक जुनी थप्पी होती. ती शेवटच्या थरापर्यंत उचलली, तेव्हा खालच्या कोंड्यात हमालाला एक घड्याळ सापडलं होतं.

"देखो उस्ताद," शेठ म्हणाले, "समधी वाली भी मिल गई. उस चोर ने मेरे ही गोदाम में दबा के रखी थी. हिम्मत देखो."

काकांनी ते पालथं ठेवून उघडलं. आत लोंबी होती आणि नंबर आमगावचा होता. शेठ हसले. काका हसले नाहीत. या वेळी त्यांची मान खाली गेली. त्यांनी मशीनचा नंबर वाचला, रजिस्टर काढलं, पान शोधलं, बोट ठेवलं. पुन्हा मशीन पाहिलं. मग हात पुढे केला.

"शेठजी, हातातली घडी द्या."

"उसमें अब क्या देखना है?"

"द्या."

आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांच्या टेबलावर दोन घड्याळं उघडी झाली. मी जवळ उभा होतो आणि मला सगळं दिसत होतं. शेठच्या हातातल्या घड्याळात मशीन आमगावचं होतं, झाकण गोंदियाचं. कोंड्यातल्या घड्याळात मशीन गोंदियाचं, झाकण आमगावचं. त्या दिवशी झाकणांची अदलाबदल झाली होती. पोराने खरं सांगितलं होतं.

काकांनी विचारलं, "धान पाहताना बोऱ्यात हात घालता ना शेठजी? कोपरापर्यंत?"

"वो तो रोज का है. मूठ भर के देखना पड़ता है."

"पट्टा ढिला होता तुमचा. तुमची घडी बोऱ्यात गेली. चोरी झालीच नाही."

शेठने दोन्ही घड्याळांकडे पाहिलं. त्यांना समजलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते वाईट माणूस नव्हते. पण ते म्हणाले, "अब इतने साल बाद? वो लड़का तो गया, उस्ताद. उधर मिर्ची तोड़ने गया था मजदूरी पे, वहीं बुखार में खतम हो गया. अब छोड़ो."

काकांनी झाकणं आपापल्या जागी बसवली. गोंदियाचं घड्याळ शेठना दिलं आणि दुसरं मुठीत ठेवून म्हणाले, "हे त्याचं आहे." शेठ आपलं घड्याळ खिशात टाकून गेले.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं की दोन्ही एकदम उघडा, असं त्या दिवशी मीच म्हणालो होतो. मी म्हणालो नाही. ते आता म्हणतील, याची वाट पाहत उभा राहिलो. त्यांनी दिवा बंद केला आणि म्हणाले, "बाबू, केशोरीले बस कवा असते?"

ड्रायव्हरचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात धान वाळत होतं आणि त्याची बायको पाय ओढत त्यात सऱ्या पाडत होती. तिने आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. काकांनी मातीत दोन गोल काढून तिला सगळं समजावलं. कुठेही स्वतःला वाचवलं नाही. ती ऐकत राहिली.

"म्हंजे शेठनं खरंच देली होती?" तिने विचारलं.

"हो बाई. खरंच देली होती. त्याचीच होती."

"मंग हे तुमी त्यायले सांगाले पाहिजे होतं. मले सांगून काय करता?"

काकांनी घड्याळ पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"ते घरी येऊन काही बोलत नव्हते," ती म्हणाली. "मी म्हणो, बुढ्याची चूक झाली असन, तो देव आहे का? तं म्हणत, नाही, म्या आपल्या डोळ्यानं पाहिलं, नंबर गोंदियाचाच होता. बुढा खोटा नाही. मंग खोटा कोण? मंग माहा शेठच खोटा. त्यानं समध्याची घडी उचलली अन् मले चोरीची घडी बांधून देली. मरतवरी हेच म्हणून राहिले. जेलचं दुख नोयतं त्यायले. ज्याचं गू-मूत काढलं, त्यानं असं काऊन केलं, हे दुख होतं."

बोलता बोलता ती उठून आत गेली. दारातून भिंत दिसत होती. खिळ्याला एक तसबीर होती, तोंड भिंतीकडे करून टांगलेली. आम्हाला तिची फक्त पाठ दिसत होती, तपकिरी पुठ्ठा आणि कोपऱ्यांत ठोकलेल्या चार चुका. तिने ती उलटली, पदराने पुसली आणि सरळ टांगली. आमगावचे शेठ होते.

ती बाहेर आली आणि धानात पुन्हा सऱ्या पाडू लागली. आम्ही निघालो तेव्हा तिने वर पाहिलं नाही. बसमध्ये काका सगळा रस्ता एकच गोष्ट म्हणत होते, "बुढा खोटा नाही म्हणे." आधी मला ऐकू येईल असं, मग नुसतेच ओठ हलत होते.

काकांनी आपली चूक कोर्टात लिहून दिली. आरोपी मेल्यामुळे प्रकरण आधीच मिटलं होतं. कागद घेणाऱ्याने विचारलं, हा लावू कुठे? आमच्या मॅनेजरनेही हेच विचारलं. दावा झाला नव्हता, घड्याळ मिळालं होतं, फाइल बंद होती. मी तो कागद फाइलला लावला. माझा स्वतःचा कागद लावला नाही. लिहिला होता, दोनदा. दोन्ही वेळा घरी आणून पुस्तकात ठेवला.

त्यानंतरची चार वर्षं काका रजिस्टर काखेत घेऊन फिरत होते. जिथे जिथे त्यांनी लोंबी काढली होती, तिथे तिथे. तिरोड्याला, आमगावला, बालाघाटला, राजनांदगावला. दारात उभं राहून म्हणायचे, घडी द्या, फक्त पाठ उघडून पाहतो. लोकांना वाटलं, म्हातारपणाने डोकं फिरलं. काही जण हसून देत, काही दार लावून घेत. पायरीवर बसलेल्या साहेबांनी दिलं. डॉक्टरीणबाईंनीही दिलं, आणि चहा दिला. एकाही घड्याळात चूक निघाली नाही. मी एकदा म्हणालो, "पाहा ना काका, बाकी सगळी बरोबर आहेत." वाटलं होतं, बरं वाटेल.

ते म्हणाले, "म्हंजे एकच मानूस मारला. बरं झालं ना."

ड्रायव्हरचं घड्याळ त्यांच्या टेबलावर पालथ्या वाटीखाली होतं. ते हातावर हलत राहिलं तरच चालणारं होतं, त्यामुळे केव्हाच बंद पडलं होतं. दुसरं कोणतंही घड्याळ त्यांनी पुन्हा टेबलावर घेतलं नाही. चहा आला की बशी वाटीच्या बाजूला ठेवत. त्या दिवसाबद्दल, माझ्या घाईबद्दल, ते एका शब्दानेही बोलले नाहीत. कधी वाटे, ते विसरले असतील. त्यांच्या टेबलाशी बसून असं वाटणं किती सोयीचं होतं, हे मलाच ठाऊक.

ते गेल्यावर त्यांच्या मुलीने मला बोलावलं. दुकान रिकामं करायचं होतं. तिने वाटी उचलली नव्हती. विचारलं, "हे कोणाचं आहे?" मी सांगितलं. तिने ते तसंच वाटीसकट फडक्यात बांधून मला दिलं आणि वर रजिस्टर ठेवलं. "बाबा म्हणाले होते, हे बाबूंना द्या."

घरी येऊन मी ते पान काढलं. दोन ओळी, चार नंबर, सगळे बरोबर. त्या दिवशी शेऱ्याचा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता, हे मला पक्कं आठवतं. आता तिथे लिहिलेलं होतं. शाई वेगळी होती आणि अक्षर शेवटच्या वर्षांतलं, कापरं.

'दोन्ही घड्या एकदम उघडल्या. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनानं.'

बाकीचं रजिस्टर मी पहिल्या पानापासून वाचून काढलं. चाळीस वर्षांचं. त्यात खोटी अशी ती एकच नोंद आहे.

दुरुस्त करायला मी पेन घेऊन बसतो. पण ते त्यांचं अक्षर आहे.